महबूबची साक्ष

महबूब सोलकर मूळचा दाभोळचा. पंधरा वर्षं बोटीवर भंडारी म्हणून खलाशांचं जेवण रांधून तो कंटाळला आणि १९५० साली कुवेतला उतरला, तो परत बोटीवर चढलाच नाही. दस्मान भागात गोऱ्या साहेबांचा एक बंगला होता, तिथल्या मेसमध्ये त्याला आचाऱ्याचं काम लागलं. सकाळी अंडी, दुपारी सूप, संध्याकाळी भाजलेलं मटण. साहेबलोक खूश होते. महबूबला अरबी बाजारापुरती यायची, इंग्रजी स्वयंपाकघरापुरती, आणि बाकी सगळं काम हिंदीत भागायचं. गावी आई अमिरुन्निसा, बायको ताहिरा, दोन मुली आणि धाकटा भाऊ अकबर.

अकबर त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा पोर सहा वर्षांचं होतं, म्हणजे महबूबनेच त्याला वाढवलं म्हणा ना. उंच, लांब टांगांचा, एका जागी न बसणारा. १९५३ साली त्याचं लग्न असमाशी झालं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. लग्नाला चार महिने झाले आणि अकबर बोटीवर गेला. बोटीवरचं काम त्याला मानवेना. महबूबने त्याच्यासाठी कुवेतच्या कागदांची खटपट सुरू केली, पण कागद कुठल्या तरी टेबलावर अडकून बसले. तेव्हा महबूबने एक पत्र लिहिलं. त्यातली एक ओळ त्याला जन्मभर पाठ राहिली: 'कागदांचं काय व्हायचं ते होईल, तू कसाही करून ये.'

अकबर बसऱ्याला बोटीवरून उतरला आणि परत गेला नाही. जुलै १९५४ मध्ये त्याचं पत्र आलं. 'भाई, इथून माणसं वाळवंटातून चालत कुवेतच्या हद्दीतल्या जहऱ्याला येतात. एक वाटाड्या मिळालाय. आम्ही सात-आठ जण आहोत. तीन दिवसांत तुझ्या हातचं कालवण खायला येतो.'

पत्र महबूबच्या हाती पडलं तेव्हा त्यावरची तारीख दहा दिवसांपूर्वीची होती.

त्याच दिवशी तो ट्रकमध्ये बसून जहऱ्याला गेला. उत्तरेकडून चालत आलेली माणसं तिथे यायची. फुटलेले ओठ, सुजलेले पाय, पाणी समोर धरलं तरी गिळता न येणारी. महबूब एकेकाला विचारत सुटला: उंच, हिंदी, लांब टांगांचा पोरगा पाहिलात का? कोणी पाहिला नव्हता. एकाने एवढंच सांगितलं, की काही वाटाडे अर्ध्या वाटेत दूरवरचा उजेड दाखवतात, 'ते बघा कुवेत' म्हणतात आणि माघारी फिरतात. तो उजेड असतो तेलाच्या विहिरींवर जळणाऱ्या वायूचा. तिथवर चालत जाणं माणसाच्या आवाक्यात नसतं.

तीन वर्षं महबूब दर शुक्रवारी जहऱ्याला जात राहिला. गावाहून आईचं पत्र यायचं: 'अकबर पोचला का?' पहिल्या वर्षी त्याने लिहिलं, वाटेत आहे. दुसऱ्या वर्षी लिहिलं, शोध चालू आहे. मग असमाच्या बापाचं पत्र आलं. पोरगी एकवीस वर्षांची झाली, एक चांगलं स्थळ आलं आहे, पण काझी म्हणतात, मयताची खात्री पटेपर्यंत ती अकबरचीच बायको. 'तुम्ही तिथे आहात. काय ते एकदा कळवा,' असं त्या बापाने लिहिलं होतं. महबूबने ते पत्र पिठाच्या डब्यामागे खोचून ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. काय देणार?

१९५७ च्या वसंतात बंगल्यात हाल्वर्सन नावाचे साहेब उतरले. साठीचे, सडपातळ, नॉर्वेचे. तेलाशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचे आजोबा नव्वद वर्षांपूर्वी अरबस्तान पालथं घालायला निघाले होते. त्या काळात युरोपातले असे बरेच लोक अरबी पेहराव करून, नाव बदलून, उंटावर बसून वाळवंटात शिरायचे. नकाशे काढायचे, विहिरी मोजायचे, टोळ्यांची नावं टिपायचे. कोणी परत जाऊन ग्रंथ लिहिले, कोणी परत गेलेच नाहीत. हाल्वर्सनचे आजोबा बसऱ्याजवळच्या जुबैरहून कुवेतकडे निघाले आणि मधेच नाहीसे झाले. त्यांची वही तेवढी एका काफिल्याबरोबर बसऱ्याला पोचली आणि तिथून घरी गेली. साहेबांना आजोबांची कबर शोधायची होती.

"स्वयंपाकाला आणि अरबांशी बोलायला माणूस पाहिजे," साहेब मेसमध्ये म्हणाले. "जुबैर ते जहरा, जुनी वाट."

महबूब ताटं उचलत होता. तो थांबला. ती अकबरचीच वाट होती.

"मी येतो, साहेब," तो म्हणाला. "पगाराचं काही बोलू नका. मी येतो."

परवानगीचे कागद यायला मे उजाडला. मे महिन्यात त्या बाजूला कोणी शहाणा माणूस जात नाही. वाटाड्या मुतलक, मुतैर टोळीचा पन्नाशीचा बेदुइन, तसं स्पष्ट बोललाही. पण साहेबांचा हट्ट होता आणि महबूबचा त्याहून मोठा. पिकअपमध्ये पाण्याचे पत्र्याचे डबे, तंबू, पीठ, कांदे आणि एक पांढरा टेबलक्लॉथ घेऊन तिघे निघाले. वाळवंटात सुद्धा साहेबांना टेबलक्लॉथशिवाय जेवण जात नसे.

संध्याकाळी साहेब आजोबांची वही उघडायचे आणि त्यातलं मोडक्यातोडक्या इंग्रजीत महबूबला समजावून सांगायचे. कुठल्या विहिरीचं पाणी खारट, कुठल्या शेखाने दूध पाजलं, उंट किती चालला. एका पानावर ते अडखळले.

"इथे लिहिलंय, तिसऱ्या मुक्कामावर दोन नोकर दगावले. एक हिंदी, एक बलुची."

"नाव काय त्यांचं, साहेब?"

साहेबांनी पान उलटून पाहिलं, मागचंही पाहिलं. "नाव नाही लिहिलेलं," ते म्हणाले आणि वही मिटली.

पाचव्या दिवशी सकाळी मुतलकने गाडी थांबवायला लावली. एका उथळ खोलगट जागेत, वाऱ्याने वाळू बाजूला सारली होती तिथे, माणसं पडलेली होती. माणसं म्हणजे हाडं, त्यांवर वाळलेली कातडी आणि कपड्यांच्या चिंध्या. सहा जण एकमेकांच्या जवळ होते, सातवा चाळीस पावलं पुढे, पालथा.

मुतलक ओठांत काहीतरी पुटपुटला. महबूब खाली उतरला आणि एकेकाजवळ जाऊन बसला. एक रिकामी कातडी पिशवी. वाळून दगड झालेला खजुराचा गोळा. डाव्या पायाची एकच चप्पल. एकाच्या खिशात घडी घातलेला कागद होता. महबूबने तो उलगडला. उन्हाने त्यावरचं अक्षर न् अक्षर उडून गेलं होतं.

चेहरे नव्हतेच. मग महबूबने जे केलं ते पाहून साहेबांनी मान फिरवली. अकबर त्याच्याहून चार बोटं उंच होता. महबूब एकेका मयताच्या शेजारी वाळूत आडवा झाला, टाचेला टाच लावून, आणि डोकं कुठवर येतं ते हाताने चाचपत राहिला. सातांतले दोघे त्याच्याहून उंच भरले. एक त्या सहांमधला, एक पुढे जाऊन पडलेला.

"यातला एक असेल," तो मुतलकला म्हणाला. "किंवा नसेलही."

"या वाटेवर अशा जागा पुष्कळ आहेत," मुतलक म्हणाला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. आजोबांच्या वहीत शेवटच्या मुक्कामापाशी ज्या दगडांच्या राशीची खूण होती ती त्यांच्या हिशेबाने आठ मैलांवर होती. पाणी मोजकं होतं.

"महबूब, आपण जहऱ्याला पोचलो की पोलिसांना सांगू. आता चला."

"साहेब, ह्यांना मातीत घातल्याशिवाय मी हलणार नाय."

"दिवसभर लागेल!"

"लागू दे. तुमचा माणूस नव्वद वर्षं थांबला, अजून एक दिवस थांबेल. ह्यांना कोल्ह्यांनी उकरलंय, साहेब, बघा जरा."

साहेब चिडले. शेवटी ठरलं की साहेब आणि मुतलकने पुढे जाऊन रास शोधायची आणि दुपारनंतर महबूबला न्यायला परत यायचं. त्यांनी त्याला एक फावडं दिलं, अर्धा डबा पाणी, थोडी रोटी आणि सावलीला ताडपत्री. महबूबने टेबलक्लॉथही मागून घेतला. साहेबांनी तो दिला.

गाडी दिसेनाशी झाली. महबूब खणायला लागला. वरची वाळू मऊ होती, पण हातभर खाली गेलं की दगडासारखी कडक. दोन कबरी होईपर्यंत हातांची सालं निघाली. टेबलक्लॉथ फाडून त्याचे सात तुकडे केले. कफनाला ते पुरणार नव्हतेच, तेव्हा चेहऱ्याच्या जागी तेवढा एकेक तुकडा ठेवला. गुसलला, म्हणजे मयताला न्हाऊ घालायला, पाणी नव्हतं, म्हणून कोरड्या मातीनेच तयम्मुम केला. किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंडं केली आणि माती लोटून वर खुणेला दगड ठेवले. जनाज्याची नमाज त्याने एकट्याने पढली, मागे कोणी नाही, आणि मयताचं नाव घ्यायची वेळ आली की प्रत्येक वेळी त्याची जीभ अडायची.

दुपार झाली, कलली. गाडी आली नाही. पाणी चार बोटं उरलं. घोट घेतला की तो लगेच डब्याचं तोंड बंद करायचा आणि डब्याकडे पाठ करून बसायचा. संध्याकाळपर्यंत पाच कबरी झाल्या. रात्र त्याने कशी काढली ते पुढे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. उजाडल्यावर त्याने उरलेल्या दोन खणल्या, कारण खणणं सोडून दुसरं काही केलं तर आपण उठून चालायला लागू आणि अकबरसारखेच कुठेतरी पालथे पडू, अशी त्याला भीती वाटत होती. 'कसाही करून ये.' फावड्याच्या प्रत्येक घावाला ती ओळ त्याच्या डोक्यात आपटत होती.

ऊन चढल्यावर मुतलक एकटाच चालत आला. खांद्यावर पाण्याची पखाल. गाडी चार मैलांवर भुसभुशीत वाळूत रुतली होती आणि काढताना तिचा आस मोडला होता. साहेब ऐकेनात. वही हातात घेऊन भर दुपारी पायी रास शोधायला निघाले आणि कोसळले. मुतलकने त्यांना गाडीच्या सावलीत आणून ठेवलं होतं.

दोघे चालत गाडीपाशी पोचले. साहेबांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. मुतलकला माहीत होतं की एका दिवसाच्या वाटेवर मेंढपाळांचे तंबू असायला हवेत. तो गेला. महबूब साहेबांजवळ राहिला. बाटलीच्या बुचाने तो त्यांच्या ओठांत पाणी घालायचा, एक बूच त्यांना, मग बराच वेळ थांबून एक आपल्याला. कधी मनात यायचं, ह्या माणसाने मला सोडलं आणि मी त्याला पाणी पाजतोय. मग बुचाकडे बघायचा आणि पुन्हा पाजायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब शुद्धीवर आले.

"मी तुला टाकून गेलो."

"हो, साहेब."

"तुझा भाऊ होता त्यांत?"

"कळत नाय, साहेब. दोघे उंच आहेत."

साहेबांनी वर ताडपत्रीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "आजोबा निघाले तेव्हा माझी आजी पंचवीस वर्षांची होती. सत्त्याऐंशीव्या वर्षी गेली. तोपर्यंत रोज त्यांचं ताट मांडायची. तिला कोणी सांगितलं नाही, की गेले म्हणून. कोणीतरी सांगायला हवं होतं. खोटं का होईना."

तिसऱ्या दिवशी मुतलक मेंढपाळांचा ट्रक घेऊन आला. जहऱ्याच्या अलीकडे सात-आठ मैलांवर, ट्रकच्या मागच्या फळीवर, महबूबच्या मांडीवर डोकं ठेवून हाल्वर्सन साहेब गेले. कुवेतमध्ये परदेशी लोकांच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. महिन्याभरात नाव, गाव, जन्म, मृत्यू कोरलेला दगड बसला. दगड बसवला त्या दिवशी महबूब तिथे गेला होता. तो दगडाकडे बघत बराच वेळ उभा राहिला आणि तिथूनच मुतलकला शोधत जहऱ्याला गेला.

"मी गावच्या काझींना पत्र लिहिणार आहे," तो म्हणाला. "माझ्या भावाला मी स्वतःच्या हाताने पुरलं, असं. साक्षीला अंगठा पाहिजे."

मुतलकने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू पुरलंस, ते मी पाहिलं. तो तुझा भाऊ होता, हे मी कुठे पाहिलं?"

"तिकडे एक पोरगी बसलीय, मुतलक. कुणीतरी तिला उठवलं नाही तर तशीच म्हातारी होईल."

मुतलकने शाईच्या डबीत अंगठा बुडवला. "कयामतीच्या दिवशी विचारलं तर तुझं नाव सांगेन," तो म्हणाला, आणि त्यात थट्टा नव्हती.

पत्र गेलं. दाभोळला घरात रडारड झाली, तिसऱ्या दिवशीची जियारत झाली. विधवेने पाळायची इद्दत सरल्यावर सहा महिन्यांत असमाचा निकाह सिराज मुकादमशी झाला. सिराज भला माणूस होता, पंखे-रेडिओ दुरुस्त करायचा. महबूबने शुक्रवारी जहऱ्याला जाणं सोडलं. पण झोप मात्र सुटली ती सुटलीच. बाजारात पाठमोरा कोणी उंच हिंदी दिसला की तो पुढे जाऊन त्याचा चेहरा बघून घ्यायचा. आधी तीन वर्षं तो अकबर दिसावा म्हणून माणसं न्याहाळायचा. आता दिसू नये म्हणून न्याहाळायला लागला, आणि हे ज्या दिवशी त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी मेसचं सूप त्याच्या हातून करपलं.

१९६३ साली सिराजला कुवेतमध्ये काम मिळालं. दोन वर्षांनी त्याने असमाला आणि त्यांच्या दोन मुलांना बोलावून घेतलं. सालमिया भागात त्यांनी दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने घेतला. महबूब तेव्हा शेजारच्याच हवल्ली भागात राहत होता. तो भेटायला गेला नाही. एके दिवशी सिराजच त्याच्या दारात उभा राहिला.

"भाई, असमाला कबरीवर जायचंय. मी म्हटलं, हक्कच आहे तिचा. तुम्ही दाखवाल ना?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मुतलक आता पाण्याची टँकरगाडी चालवायचा. त्यानेच कोणाचा तरी पिकअप आणला. जानेवारीतली थंड, स्वच्छ सकाळ होती. जागा सापडायला दोन तास लागले. सातांपैकी पाचच कबरींचे दगड शिल्लक होते. दोन वाळूखाली गेल्या होत्या. सिराज आणि मुतलक गाडीपाशी थांबले. महबूब आणि असमा पुढे गेले.

असमा एकोणतीस वर्षांची झाली होती. डोक्यावरचा पदर वाऱ्यात घट्ट धरून ती दगडांकडे बघत होती.

"ह्यांतली कुठली, भाई?"

हे उत्तर महबूबने आठ वर्षं तयार ठेवलं होतं. "डावीकडची तिसरी."

ती तिसरीपाशी बसली. फातेहा पढली. वाळूवर हात फिरवला, जसा झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही ओळखलंत कसं?"

याचंही उत्तर तयार होतं. सदरा ओळखीचा होता, असं सांगायचं ठरलं होतं. महबूबने तोंड उघडलं. पण वाळूवरचा तिचा हात त्याच्या समोर होता, आणि त्या वाळूखाली कुठल्या आईचा पोर होता ते त्याला माहीत नव्हतं. तो खाली बसला.

"नाय ओळखलं, असमा. मला माहीत नाय. तो इथे आहे की नाय, तेही माहीत नाय. मी खोटं लिहिलं."

असमाने हात उचलला.

"तो आला तर?" ती म्हणाली.

"नाय येणार आता. अकरा वर्षं झाली."

"हे पण तुम्हीच ठरवलंत." तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "मना विचारायचं होतं, भाई. मी त्याची वाट बघत बसले असते, नायतर नसते बसले. पण ते मी ठरवलं असतं. माझी दोन पोरं आहेत आता. त्यांच्याकडे मी काय तोंडाने बघू?"

"तुझं भलं व्हावं म्हणून..."

"तुमच्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून." ती उठली, कपड्यांची वाळू झटकली. "आज पण त्यासाठीच सांगितलंत. नसतं सांगितलंत तर काय बिघडत होतं?"

महबूब तिच्यामागून गाडीकडे चालायला लागला.

गाडीपाशी सिराजने विचारलं, "सापडली?"

"हो," असमा म्हणाली. "डावीकडची तिसरी." आणि ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. त्या ईदला सिराजने महबूबला जेवायला बोलावलं. असमाने वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर बोलावणं आलं तरी महबूब काहीतरी कारण सांगायचा.

१९६६ साली तो रजेवर दाभोळला गेला. अमिरुन्निसा अंथरुणाला खिळली होती. दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. तिने त्याला जवळ बसवून घेतलं, त्याचे हात हातात घेतले, तळव्यांवरचे घट्टे चाचपले.

"महबूब, तू स्वतः बघितलास ना त्याला? अकबरच होता ना?"

दारात ताहिरा उभी होती. स्वयंपाकघरात मुली कुजबुजत होत्या. महबूबने आईच्या बुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"हो, अम्मा," तो म्हणाला. "अकबरच होता. मीच माती दिली."

"चेहरा कसा होता?"

"शांत होता, अम्मा."

म्हातारीने सुस्कारा सोडला आणि कुशीवर वळली. ताहिरा सांगते, किती तरी वर्षांनी त्या दिवशी अम्मा दुपारभर गाढ झोपल्या. महबूबची रजा अजून पाच आठवडे शिल्लक होती. पण पुढच्याच आठवड्यात त्याने मुंबईला जाऊन कुवेतची बोट धरली. विचारणाऱ्यांना त्याने सांगितलं, मेसमध्ये रांधायला माणूस नाही.